पुंजाबाईंचा बुरशेटा

आई, तुम्हाला जाऊन पाच दिवस झाले आणि एवढ्यात लोकांनी तुमची गरीब गाय करून टाकली आहे. जो येतो तो समोरच्या खोलीत सतरंजीवर बसतो, डोळ्यांना रुमाल लावतो आणि म्हणतो, "लई गरीब बाई होती. कधी कोनाले उलटून बोलली नाई." मी मान हलवते, स्वयंपाकघरात येते आणि भांडी आपटते. उलटून बोलला नाहीत? तुम्ही सुलटं कधी बोललात ते तरी कोणी सांगावं! लग्न होऊन या घरात आले तेव्हा मी तुमच्या पाया पडायला वाकले, तर तुम्ही मला खांद्याला धरून उभी केलीत. "वाकू नको. शाळेत उभी राहून शिकवतं ना तू? मंग इथंही उभीच राह्य." सासूची पहिली आज्ञा म्हणून मी ती पाळली आणि पुढची बत्तीस वर्षं तुमच्याशी उभी राहूनच भांडले.

तेव्हा मी तुमच्याबद्दल गोड गोड लिहिणार नाही. तुम्ही ते वाचून घेतलं नसतं. मी शाळेतून आणलेला पेपर मोठ्याने वाचायची तेव्हा कोणाच्या मरणाचा लेख आला की तुम्ही विचारायच्या, "मेल्यावर सारेच चांगले कसे होते वं? मंग जिते असतानी कोन तरास देत होतं?"

उद्या पुण्यानुमोदन आहे. विहारातले लोक येतील, तलमडुगूहून माझ्या शाळेतल्या बाया येतील, तुमच्या माहेरचेही येतील. ताटात काय ठेवायचं यावर तुमच्या लेकीचं आणि माझं सकाळपासून वाजलं आहे. नणंदबाई म्हणतात, बुंदी आणि भजे. मी म्हणते, बुरशेटा. त्या कपाळावर हात मारून म्हणाल्या, "वयनी, दुखाच्या घरी इटलीचं काऊन आनतं?" मी म्हटलं, इटलीचं नाही, तुमच्या आईचं आहे. त्यांना ते पटलं नाही, कारण त्यांना सगळी गोष्ट माहीत नाही. मला माहीत आहे, आणि तीही तुम्ही मला सहजी सांगितली नव्हती. आधी मी तुमचा अपमान केला, मग सांगितलीत.

प्रज्ञा हैदराबादला हॉटेलचं शिक्षण घ्यायला गेली, त्या पहिल्या वर्षीची सुट्टी आठवते? पोरगी आली ती बॅग टाकून थेट स्वयंपाकघरात.

"आजी, आज मी ब्रुशेटा करते."

"का करतं?"

"ब्रुशेटा."

तुम्ही ताडकन उठून पिठाच्या डब्याकडे धावलात. झाकण काढलं, हात घातला, वास घेतला. "आट्याले कुठं बुरशी आली? कालच तं चाळला म्या! हैदराबादची हवा लागली का आपल्या घरचं सारं बुरसटच दिसते का तुले?" प्रज्ञा हसून हसून जमिनीवर बसली. तिच्या मास्तरांनी खरा उच्चार ब्रुस्केत्ता असा शिकवला होता म्हणे, पण त्याला आता कोण विचारतो. आपल्या घरात तो पदार्थ त्या दिवसापासून बुरशेटा झाला. पुढे शेजारच्या लक्ष्मी अक्कासुद्धा भिंतीवरून वाटी पुढे करून म्हणायला लागल्या, "अम्मा, बुरशेटा बागुंदी," आणि तुम्हाला तेलुगू येत नसूनही चांगलं झालं म्हणाल्या एवढं बरोबर कळायचं.

करायला काही नाहीच त्यात. पाव खरपूस भाजायचा. गरम असतानाच त्यावर लसणाची कच्ची पाकळी घासायची, म्हणजे ती पावाच्या खरबरीत अंगावर झिजून जाते. वर टोमॅटोच्या बारीक फोडी, मीठ, थोडं तेल आणि दोन हिरवी पानं. बस. पण तुमच्या राज्यात एवढंही सरळ होईल तर शपथ. प्रज्ञा म्हणाली, ऑलिव्हचं तेल पाहिजे. सारं आदिलाबाद धुंडाळून तुमचा मुलगा एक बोटभर बाटली घेऊन आला, तीही औषधाच्या दुकानातून, लहान लेकरांच्या मालिशची. तुम्ही ती उचलून बाळंतिणीच्या सामानात ठेवून दिलीत आणि जवसाचं तेल पुढे केलंत. मग पानं. प्रज्ञा म्हणाली, तुळशीच्या जातीचं एक पान असतं. "तुयस आपल्या अंगनात नाई, आन मी हाय तोवर येनार नाई," तुम्ही म्हणालात. कोथिंबीर आली. टोमॅटो तुमच्या अंगणातल्या झाडाचे होतेच. एवढ्या तडजोडी तुम्ही हसत केल्यात. पावाशी आलो आणि अडलं.

प्रज्ञा म्हणाली, "आजी, ताजा पाव मऊ पडतो. कालचा लागतो, शिळा."

तुमचा चेहरा बंद झाला. "डबलरोटी ताजी आना. शियं या घरात नाई."

'शिळं' तुमच्या तोंडात 'शियं' व्हायचं. आणि ते या घरात खरंच नव्हतं. सकाळची भाकर संध्याकाळपर्यंत उरली तर तुम्ही ती कुस्करून टोमॅटोच्या झाडाखाली पुरायच्या. "झाडाले मान नसते, अपमान नसते," असं म्हणून वर माती लोटायच्या. मला ती उधळपट्टी वाटायची. माझे वडील मास्तर होते. आमच्या घरी शिळ्या भाकरीचा फोडणी दिलेला कुस्करा म्हणजे रविवारचा थाट, आम्ही भावंडं त्यावर भांडायचो. पहिल्या वर्षी मी तो एकदा करायला घेतला, तर तुम्ही कढई चुलीवरून उचलून बाहेर नेलीत. काऊन, ते सांगितलं नाहीत. मी समजले, म्हातारीचा हेका आहे. आणि हेका मोडायला मी टपून बसले.

ती संधी त्या सुट्टीत आली. रविवारी माझ्या शाळेतल्या चौघी चहाला येणार होत्या. प्रज्ञाने बुरशेटा करायचं ठरवलं. मी शनिवारीच पाव आणून पीठ ठेवतो त्या कोठीच्या मागे लपवला. रविवारी तुम्ही विचारलंत, "ताजी हाय ना?" मी म्हटलं, "हो आई, आताच आणली." तुमच्या डोळ्यांत बघून म्हटलं. वर्गात लेकरांना खोटं बोलू नये म्हणून छड्या मारणारी बाई मी!

तुम्ही तीन खाल्लेत. चौथा हातात घेऊन त्या चौघींना सांगत होतात, "माही नात शिकली हो हे, हैदराबादले." तेवढ्यात माझ्या अंगात जिंकल्याची मस्ती चढली. सगळ्यांसमोर म्हटलं, "आई, एक गंमत सांगू? पाव कालचा आहे. शिळा. आणि तुम्ही तीन-तीन खाल्ले!" त्या चौघी हसल्या. मीही हसले.

तुम्ही चौथा तुकडा ताटलीत परत ठेवलात. हळूच ठेवलात, आवाज न करता. उठून अंगणातल्या नळावर गेलात. चूळ भरली. थुंकली. पुन्हा भरली. आमचा चहा संपेपर्यंत तो नळ वाहत होता.

मग आठ दिवस अबोला. अंगणात तीन विटा मांडून तुम्ही तुमची भाकर वेगळी थापलीत. तुमचा मुलगा मंडल ऑफिसातून आला की दोन्ही चुलींमध्ये उभा राहून विचारायचा, "मी कुठं जेवू?" नवव्या दिवशी दुपारी तुम्ही लसूण सोलत बसला होतात. मी शेजारी बसले आणि एक गड्डी उचलली. माफी मागायला बसले होते, आई. पण तुम्ही आधी बोललात, आणि तुम्ही बोलायला लागल्यावर माझी माफी तोंडातच राहिली.

"तुह्या पोरीनं केला ना तो पदार्थ," तुम्ही पाकळीवरून नजर न काढता म्हणालात, "तो माह्या मायनं केला होता. मी सहा-सात वर्साची असन."

पैनगंगेच्या काठचं तुमचं गाव. मजुरीच्या दिवसांत मजुरी, आणि सणावाराच्या दुसऱ्या दिवशी टोपलं घेऊन दारोदार. दाराच्या आत पाऊल नाही. वरून टाकायचे, अंगाला अंग लागू नये म्हणून लांबून. तुम्ही टोपलं डोक्यावर धरून उभ्या राहायच्या. एका वर्षी नदीला पूर होता, चार-पाच दिवस काम नाही, घरात दाणा नाही. पाटलाच्या घरून टोपल्यात भाकरी पडल्या त्या हिरव्या होत्या.

"मायनं नखानं बुरशी खरवडली. कोयशावर भाकर भाजली. मंग तिच्यावर लसन घासला, मीठ लावलं. मी म्हटलं, माय, हे का व्हय? तं म्हने, लसन घासला का वास मरते." तुम्ही सोललेली पाकळी बोटांत धरून बघत होतात. "बुरशीचा मरते. टोपल्याचा नाई मरत."

पुढे गावात सभा झाली आणि ठरलं की आता कोणाच्या दारचा तुकडा घ्यायचा नाही. तुमच्या मायने घरी येऊन ते बांबूचं टोपलं मोडलं, चुलीत घातलं आणि त्याच जाळावर उसन्या ज्वारीची भाकर केली. "तशी भाकर म्या मंग जिंदगीत नाई खाल्ली," तुम्ही म्हणालात. एवढं सांगून झालं आणि तुम्ही माझ्याकडे बघितलंत. "मास्तरीनबाई, तुह्या त्या बुरशेट्यानं मले तो वास आला. ताजी हाय म्हनलं तू, म्हून म्या गियला."

मी तेव्हाही माफी मागितली नाही. मला रडू आलं, आणि रडू लपवायला मी वाद घातला, माझी ही सवय तुम्हाला माहीत होती. मी म्हटलं, आई, इटलीतही हा पदार्थ गरिबांचाच आहे. वाळलेला पाव टाकवत नव्हता म्हणून काढलेला.

"असन. पन तिथल्या गरिबानं सोताची शियी खाल्ली असन. आमी दुसऱ्याची खाल्ली. दोन्ही एक नसते."

"मग आपण आपल्या घरची, आपण आणलेली शिळी खाल्ली तर काय बिघडलं?"

तुम्ही हातातली पाकळी खाली ठेवलीत. इतकी वर्षं मी तुम्हाला उत्तर शोधताना पाहिलं नव्हतं. मग लसणाची सालं फुंकून म्हणालात, "थे मले आता इचारू नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही माझी चूल ताब्यात घेतलीत. ज्वारीची ताजी भाकर थापली, भाजली, तिचे चार तुकडे केले, ते तुकडे पुन्हा निखाऱ्यावर कडक केले. त्यावर लसूण इतका जोरात घासलात की मला वाटलं भाकरीचंच साल निघतं. टोमॅटो, मीठ, जवसाचं तेल, कोथिंबीर. ताटली माझ्यापुढे ठेवलीत. "खा. ताजं असूनही कुरकुरीत होते का नाई पाह्य." होतं. प्रज्ञाच्या पावापेक्षा सरस होतं, आणि हे मी तिच्यासमोर सांगते. त्या दिवसापासून आपल्या घरी जो आला त्याला तुमचा बुरशेटा मिळाला. गुडीहत्नूरचा कापूसवाला आला, त्याला. मीटर बघायला आलेल्या माणसाला. पोस्टमनला तर तुम्ही रस्त्यातून बोलावून आणायच्या, पत्र नसलं तरी. लोकांना वाटलं, म्हातारीला खाऊ घालायचा नाद आहे. मला माहीत होतं की तुम्ही आपल्या दारातून काय बाहेर जातं यावर पहारा देत होतात.

दवाखान्यात तुम्हाला काही गिळवत नव्हतं. दुधात बुडवून द्यावा म्हणून मी पावाचा पुडा आणला. तुम्ही मान फिरवलीत. मग मीच, काही तरी बोलावं म्हणून, आपला जुना वाद काढला. "आई, सांगा ना, आपली शिळी आपण खाल्ली तर?" तुमच्या ओठांच्या कोपऱ्यात ते तुमचं खट्याळ हसू आलं. "थे अजून पक्कं नाई झालं माह्यं. घरी गेलो का सांगतो."

घरी तुम्ही आलात, पण बोलत आला नाहीत. तो पुडा माझ्या पिशवीतून घरी आला आणि पाच दिवस ओट्यावर पडला आहे. मला तो ना टाकवला, ना झाडाखाली पुरवला.

आणि आज दुपारी तुमच्या गावचे पाटील आले. ज्यांच्या घरून ते हिरवं पडलं होतं, त्यांचाच मुलगा, आता स्वतःच ऐंशीच्या घरातला. काठी टेकत, भीमपूरकडून बस धरून एकटे आले. मन वाईट नाही त्यांचं. सतरंजीवर बसले आणि खरंच रडले. रडत रडत म्हणाले, "पुंजी गेली म्हन्ते. लई कष्टाची पोरगी. आमच्याच घरच्या तुकड्यावर वाढली हो ती. आमचं मीठ खाल्लं हाय तिनं."

खोलीत पंधरा माणसं होती. तुमच्या मुलाने मान खाली घातली. नणंदबाईंनी पदर तोंडाला लावला. मी "चहा आणते" म्हणून आत आले.

आत माझा हात कुठे गेला, सांगू? त्या पुड्यावर. पाच दिवसांचा पाव. भाजावा, लसूण घासावा, टोमॅटो घालावा, म्हाताऱ्याला प्रेमाने खाऊ घालावा. वा वा म्हणू द्यावं. आणि मग सगळ्यांसमोर म्हणावं, पाटील, शिळं होतं. कसं लागलं? मी तवा ठेवलासुद्धा. तुमच्यासाठी करते आहे असं मला वाटत होतं. मग मी हात धुवायला नळ सोडला, आणि त्या पाण्याच्या आवाजाने मला तो रविवार आठवला. हाच डाव मी एकदा खेळले होते. जिंकलेही होते. ते जिंकणं मला अजून पचलेलं नाही.

मी पुडा बाजूला सारला आणि पीठ मळलं. भाकर थापली, भाजली, तुकडे करून पुन्हा कडक केली, लसूण तुमच्यासारखा जोरात घासला. ताटली घेऊन बाहेर आले आणि म्हाताऱ्याच्या पुढे ठेवली.

"ताजी हाय, पाटील," मी म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "आता थापली. या घरात कोनाले शिळं देत नाई आमी. पुंजाबाईंचा नियम हाय."

त्यांचा हात ताटलीच्या वर थांबला. त्यांना कळलं, आई. सगळं कळलं. मग त्यांनी तुकडा उचलला. दात नाहीत, बराच वेळ चघळत राहिले. 

"मीठ बराबर हाय का?" मी विचारलं.

"हाय," ते म्हणाले. "बराबर हाय."

"मग आता तुमीही आमचं मीठ खाल्लं."

तुमच्या मुलाने मान वर केली. पाटलांनी दुसरा तुकडा घेतला. निघताना दारात काठी सावरत ते म्हणाले, "पुंजाबाईच्या हातची चव असन ही." पुंजाबाई म्हणाले. पुंजी आत आली होती, पुंजाबाई होऊन बाहेर गेली.

उद्या ताटात बुरशेटाच असेल. नणंदबाई आता काही म्हणत नाहीत, त्या लसूण सोलायला बसल्या आहेत.

राहिली माझी माफी. त्या रविवारी मी खोटं बोलले, आणि चारचौघींत तुमचं हसं केलं. चुकलं माझं. तेरा वर्षं शेजारी बसून तुमच्याबरोबर लसूण सोलला आणि हे एक वाक्य मला बोलता आलं नाही. आता बोलते तर तुम्ही ऐकायला नाहीत. याचा मला तुमच्यापेक्षा माझाच राग येतो.

आणि राहिला आपला वाद. तुमचं उत्तर पक्कं व्हायचं होतं, ते तुम्ही बरोबर घेऊन गेलात. तेव्हा माझं मी दिलं. पाहुणे गेल्यावर मी तो पुडा उघडला. आदिलाबादच्या थंडीने त्याला बुरशी येऊ दिली नव्हती, उजेडात धरून दोन्ही अंगांनी पाहून घेतलं. एक तुकडा भाजला, लसूण घासला, तुमच्या झाडाचा टोमॅटो घातला. माझ्या पैशाने आणलेला पाव, माझ्या तव्यावर, कोणी वरून न टाकलेला. ओट्याशी उभी राहून खाल्ला, बसून नाही. चांगला लागला, आई. मला तो चांगला लागू शकतो, कारण माझ्या टोपल्यात कोणी काही टाकावं अशी वेळ तुम्ही आणि तुमच्या मायने येऊ दिली नाही. हे मला त्या रविवारी कळत नव्हतं.

रागावला असाल तर रागवा. वेगळी चूल मांडा. मी खाल्ला, ताटली धुतली, आणि चूळ भरली नाही.